पोटाच्या ऑपरेशननं घसा मोकळा होतो का?

सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला जाणाऱ्या सोलापूरकराला हा अनुभव नवा नाही. कुर्डुवाडी मागे पडते, डब्यातले दिवे मालवतात आणि कोपऱ्यातल्या खालच्या बर्थवरून घोरणं सुरू होतं. आधी लोक हसतात, मग कूस बदलतात, मग चादर कानावर ओढतात. पण खरी झोप उडते ती घोरण्यानं नव्हे, तर ते मध्येच थांबल्यानं. पाच सेकंद, दहा सेकंद, वीस सेकंद, काही आवाजच नाही. समोरच्या बर्थवरची बाई उठून बसते. तेवढ्यात तुंबलेल्या मोरीतून पाणी सुटावं तसा आवाज होतो, अंगाला एक गचका बसतो आणि घोरणं पुन्हा सुरू. सकाळी दादरला उतरताना तोच गृहस्थ सांगतो, "मस्त झोप लागली ओ."

मस्त कसली, त्याला धड झोपच लागलेली नसते. या आजाराचं नाव ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास पुन्हा पुन्हा अडणं. फेब्रुवारी २०२२मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी हे नाव घेतलं आणि अनेकांनी ते पहिल्यांदा ऐकलं. २०२४ अखेर अमेरिकेत वजनाचं एक इंजेक्शन याच आजारासाठी मंजूर झालं, तेव्हा ते पुन्हा बातम्यांत आलं. आणि आता लग्नाच्या पंगतीत किंवा पार्क चौकात भेळ खाताना कुणीतरी हमखास विचारतं, "वजनाचं ऑपरेशन केलं की घोरणं जातं म्हणे. खरं का?"

बऱ्याच अंशी खरं आहे. पण त्यातला जो भाग खरा नाही, तो कुणी सांगत नाही. मी डॉक्टर नाही, आरोग्यावर लिहितो. शिवाय घरात हे सगळं जवळून पाहिलंय. माझ्या एका मामांचे अक्कलकोट रोडला टॉवेलचे माग आहेत. ते मधूनमधून येतील.

मोटर आणि चपटा पाइप

चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं तेव्हा आपल्या गल्ल्यांत काय चालतं, ते सोलापूरकराला सांगायला नको. नळाला थेट मोटर. (लावू नये हे मान्य, पण लावतात.) पाइप जाड असेल तर पाणी धो-धो येतं. पाइप जुना, पातळ, उन्हानं मऊ पडलेला असेल तर मोटर ओढू लागताच तो आतल्या आत बसतो, चपटा होतो. मोटर नुसती गुरगुरत राहते आणि हंड्यात थेंब नाही.

आपली छाती म्हणजे ती मोटर. श्वास घेताना ती हवा आत ओढते. खाली श्वासनलिकेला कुर्चेची कडी असतात, त्यामुळे ती चपटी होत नाही. पण जिभेच्या मागचा, पडजिभेखालचा घसा नुसता स्नायूंचा आहे. जागेपणी हे स्नायू ताठ राहून वाट मोकळी ठेवतात. झोपेत ते सैल पडतात. वाट अरुंद झाली की तिच्या कडा फडफडतात, ते झालं घोरणं. वाट पूर्ण मिटली की शांतता. छाती ओढतेय, पोट हलतंय, पण हवा आत जात नाही.

घोरणाऱ्या प्रत्येकाला हा आजार असतो असं नाही, पण हा आजार असणारे बहुतेक जण घोरतात. आणि "घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय" ही आपल्याकडची समजूत मात्र साफ चुकीची. घोरण्याचा आवाज मोठा म्हणजे झोप चांगली, असं मुळीच नाही.

मागावर सारखा तुटणारा धागा

श्वास अडला की रक्तातला ऑक्सिजन उतरू लागतो. मेंदू घाबरून माणसाला जागं करतो, काही सेकंदांपुरतं. स्नायू ताठ होतात, घसा उघडतो, हवा आत जाते आणि माणूस पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही.

मामांना हे समजावताना मला मागाचाच दाखला सापडला. ताण्याचा धागा तुटला की माग थांबतो. कामगार धागा जोडतो, माग पुन्हा सुरू होतो. पाळी आठ तासांची. पण दर मिनिटाला धागा तुटत असेल तर संध्याकाळी टॉवेल किती निघणार? आणि निघालेल्या टॉवेलात गाठी किती? मामा रात्री दहाला झोपून सकाळी सहाला उठायचे. आठ तास भरले, पण झोप विणलीच गेली नाही.

परिणाम दिवसा दिसतात. सकाळी डोकं जड, दुपारी गादीवर टेकल्या टेकल्या डुलकी, चिडचिड, विसराळूपणा. मामांना टेंभुर्णीजवळ गाडी चालवताना डुलकी लागली होती. शेजारी बसलेल्या मुलानं स्टिअरिंग धरलं म्हणून आज ही गोष्ट सांगता येतेय. झोपेत असा श्वास अडत असेल तर अपघाताचा धोका वाढतो, हे तर जगभर दिसून आलंय.

जे दिसत नाही ते जास्त वाईट. रात्री रक्तदाब उतरायला हवा. इथं श्वास अडला की प्रत्येक वेळी तो उसळी मारतो. तीन-तीन गोळ्या घेऊनही रक्तदाब आटोक्यात न येणाऱ्यांत हा आजार फार आढळतो. हृदयाचे ठोके अनियमित होणं, मधुमेह बळावणं, पक्षाघात, या सगळ्यांशी त्याचं नातं आहे. आणखी एक चमत्कारिक खूण म्हणजे रात्री तीन-चारदा लघवीला उठणं. मिटलेल्या घशातून हवा ओढताना छातीत जो ताण पडतो त्यानं हृदयाचे कप्पे ताणले जातात. हृदयाची समजूत होते की शरीरात पाणी फार झालंय, आणि ते लघवी वाढवणारं संप्रेरक सोडतं. मामा दोन वर्षं प्रोस्टेटची गोळी खात होते.

ताशी किती वेळा?

आजार किती आहे हे मोजण्यासाठी स्लीप स्टडी करतात. रात्रभर छातीला पट्टे, नाकाशी नळी, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. दवाखान्यातल्या पूर्ण तपासणीत डोक्यालाही तारा लावतात. साध्या तपासणीचं यंत्र घरी आणूनही लावता येतं.

त्यातून एक आकडा निघतो, एएचआय. श्वास निदान दहा सेकंद पूर्ण थांबला किंवा बराच कमी झाला, असं तासात सरासरी किती वेळा घडलं, तो हा आकडा. इथून पुढे मी त्याला 'ताशी आकडा' म्हणतो. मोठ्या माणसांत ५पेक्षा कमी असेल तर ठीक. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३०च्या वर तीव्र. मामांचा आला ५८. मिनिटाला जवळजवळ एकदा. ऑक्सिजन ७१ टक्क्यांपर्यंत उतरलेला.

मामा काही जगावेगळे नाहीत. दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी भारतातले अभ्यास एकत्र करून २०२३मध्ये अंदाज मांडला की साधारण ११ टक्के प्रौढ भारतीयांना हा आजार आहे. पुरुषांत १३ टक्के, बायकांत ५. बायकांच्या या आकड्याकडे मी जरा संशयानंच पाहतो. नवऱ्याचा श्वास अडला की बायको उठून बसते. बायकोचा अडला तर मोजायला जागं कोण असतं? शिवाय बायका दवाखान्यात घोरण्याची तक्रार घेऊन जात नाहीत. त्या सांगतात थकवा, डोकेदुखी, झोप न येणं. दिवसभर सुपात पानं-तंबाखू घेऊन विड्या वळणारी पन्नाशीची बाई "अंगात त्राणच नाही" म्हणाली, तर तिला रक्तवाढीची गोळी मिळते. झोपेबद्दल तिला कुणी विचारत नाही. पाळी गेल्यानंतर बायकांमध्येही हा आजार वाढतो, हे तर माहीत असलेलं आहे.

चरबी जिभेतही असते

वजनाचा संबंध कुठे येतो? आपण चरबी म्हटलं की पोट बघतो. पण ती घशाच्या भिंतींत, मानेत आणि चक्क जिभेतही साठते. जाड झालेली जीभ झोपेत मागे पडते आणि आधीच अरुंद झालेली वाट अडवते. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी ६७ लठ्ठ व्यक्तींचं वजन सुमारे १० टक्के कमी होण्याआधी आणि नंतर एमआरआय केलं. २०२०मध्ये ते छापून आलं. श्वास अडण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलं होतं, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा जिभेतली चरबी कमी होण्याचा निघाला.

पोटाचाही वाटा आहेच. आडवं झालं की मोठं पोट श्वासपटलाला वर ढकलतं, फुप्फुसं पुरती फुलत नाहीत आणि खालून घशाला मिळणारा ताण सैल पडतो. पाइप मऊ, त्यात तो ढिला. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासात दिसलं की वजन १० टक्के वाढलं तर ताशी आकडा साधारण ३२ टक्क्यांनी वाढतो, आणि तेवढंच घटलं तर २६ टक्क्यांनी कमी होतो.

"पण आमचे शेजारी तर काटकुळे आहेत!"

असतील. वजन हे सगळ्यात मोठं कारण, पण एकमेव नाही. खालचा जबडा लहान किंवा मागे असणं, मोठे टॉन्सिल, थायरॉइडची कमतरता, वाढतं वय, रात्रीची दारू, झोपेच्या गोळ्या, या सगळ्यांनी घसा मिटू शकतो. आशियाई लोकांच्या चेहऱ्याची हाडं जरा आटोपशीर असल्यानं आपल्याकडे कमी वजनातही हा आजार दिसतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ऑपरेशनचे आकडे कोड्यात टाकतील तेव्हा ती उपयोगी पडेल.

मोटर उलटी लावली तर

१९८१ सालापर्यंत तीव्र आजारावर खात्रीचा उपाय एकच होता, गळ्याला भोक पाडून नळी बसवणं. त्या वर्षी सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी वेगळाच उपाय मांडला. नाकावर मास्क, त्याला नळी आणि नळीतून हलक्या दाबानं सतत आत जाणारी हवा. सुरुवातीच्या यंत्रांत व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली होती. आपल्या भाषेत सांगायचं तर पाइपातून ओढणं कमी पडतंय ना, मग दुसऱ्या टोकानं हवा भरा. फुगलेला पाइप चपटा होत नाही. हेच सीपॅप मशीन. ते ऑक्सिजन देत नाही, साधी हवाच दाबानं देतं.

लावलं तर पहिल्या रात्रीपासून काम करतं. अडचण 'लावलं तर' या शब्दांतच आहे. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर, वीज कधी जाईल त्याचा नेम नाही, आणि तोंडावर सिलिकॉनचा मुखवटा. मामांनी पहिल्याच आठवड्यात तो काढून उशीखाली सारला. मामी रात्री दोनला उठून पुन्हा चढवायच्या. रात्री किमान चार तास वापर झाला तर डॉक्टर तो पुरेसा धरतात. अनेकांना तेवढंही जमत नाही. म्हणून मग प्रश्न येतो, वजनच का कमी करू नये, आणि तेही एकदाच?

ऑपरेशन म्हणजे चरबी काढणं नव्हे

हा गैरसमज सगळीकडे आहे. बॅरिॲट्रिक सर्जरी, म्हणजे वजनाच्या शस्त्रक्रियेत, चरबीला हातही लावत नाहीत. दुर्बिणीतून, पोटाला छोटी छिद्रं पाडून, जठराची रचना बदलतात. नितीन गडकरी भाजपचे अध्यक्ष असताना २०११मध्ये त्यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हापासून आपल्याकडे तिची चर्चा वाढली.

मुख्य प्रकार दोन. 'स्लीव्ह'मध्ये जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. 'बायपास'मध्ये जठराची सुमारे ३० मिलिलिटरची पिशवी वेगळी करतात, कटिंग चहाहूनही लहान, आणि ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्हींत भूक आणि तृप्तीची संप्रेरकं बदलतात, हे जास्त महत्त्वाचं. नाहीतर माणूस लहान पोटानंही दिवसभर खातच राहिला असता.

कुणासाठी? वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की बीएमआय निघतो. भारतीय शल्यचिकित्सक बरीच वर्षं मानत आलेली रेषा अशी: बीएमआय ३७.५च्या वर, किंवा ३२.५च्या वर आणि सोबत मधुमेह, रक्तदाब, स्लीप ॲप्नियासारखा आजार. २०२२मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी १९९१ची जुनी जागतिक मर्यादा खाली आणली आणि आशियाई लोकांसाठी ती त्याहूनही खाली असावी असं म्हटलं. मामा ११८ किलोंचे, बीएमआय ४२. कोणतीही रेषा धरा, ते तिच्या वरच होते.

मग आकडे काय म्हणतात?

२००४मध्ये वजनाच्या शस्त्रक्रियांवरच्या १३६ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. त्यात ८५.७ टक्के रुग्णांचा स्लीप ॲप्निया 'बरा झाला' असं म्हटलंय. जाहिरातींत दिसतो तो आकडा याच जातीचा. पण बरा झाला म्हणजे काय? घोरणं थांबलं, मशीन सोडलं, की पुन्हा तपासणी करून आकडा ५च्या खाली आला? अभ्यासागणिक व्याख्या निराळी होती.

२००९मध्ये दुसऱ्या एका आढाव्यानं फक्त असे अभ्यास घेतले, ज्यांत शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर खरोखर झोपेची तपासणी झाली होती. १२ अभ्यास, ३४२ रुग्ण. ताशी आकडा सरासरी ५४.७ वरून १५.८ वर आला. केवढी मोठी घसरण! पण १५.८ म्हणजे अजूनही मध्यम आजार. ते मुळात फार वजनदार रुग्ण होते हे खरं. सरासरी बीएमआय ५५ वरून ३८च्या आसपास आला होता, म्हणजे शस्त्रक्रियेनंतरही ते लठ्ठच होते.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो ऑस्ट्रेलियातला २०१२चा प्रयोग. ६० रुग्ण, चिठ्ठ्या टाकून दोन गट. एका गटाच्या जठराभोवती पट्टा बसवला (हा प्रकार आता मागे पडलाय), दुसऱ्याला आहार, व्यायाम आणि नेहमीचे उपाय. दोन वर्षांनी पट्टेवाल्यांचं वजन २७.८ किलोंनी कमी झालं, दुसऱ्यांचं फक्त ५.१ किलोंनी. पाचपट फरक. मग ताशी आकड्यातही पाचपट फरक पडायला हवा? पट्टेवाल्यांचा २५.५नं घटला, दुसऱ्यांचा १४नं. गट इतके लहान होते की हा फरक योगायोगाचाही असू शकेल, असंच गणित निघालं.

याचा अर्थ शस्त्रक्रिया फुकट गेली असा नाही. अर्थ असा की किलोमागे ठरलेला भाव नाही. पहिल्या थोड्या किलोंतच कुणाला मोठा फायदा होतो, तर कुणाचे तीस किलो उतरूनही घसा मिटतच राहतो, कारण त्याचा जबडाच लहान असतो. काटकुळ्या शेजाऱ्याची गोष्ट आठवली का?

मामांची स्लीव्ह झाली. वर्षभरात ३४ किलो उतरले. रक्तदाबाच्या दोन गोळ्या सुटल्या, रात्रीचं उठणं थांबलं, प्रोस्टेटची गोळीही सुटली. आणि ताशी आकडा? १३.

"घोरणं थांबलं, आता मशीन माळ्यावर ठेवू का?"

मामांनी हेच विचारलं होतं, तेही शस्त्रक्रियेला चारच महिने झाले असताना. घोरणं जवळजवळ बंद झालं होतं, मामी शांत झोपत होत्या. मग मशीन कशाला?

कारण घोरणं हा आवाज आहे, मोजमाप नव्हे. ओढ कमी झाली की कडा फडफडत नाहीत, पण श्वास तरीही अर्धवट अडू शकतो. हळूहळू बरं वाटू लागलं की माणूस स्वतःच्या थकव्याचा अंदाजही चुकवतो. ५८ची सवय झालेल्याला १३ म्हणजे स्वर्ग वाटतो. म्हणून वजन बरंच उतरून स्थिरावलं की पुन्हा झोपेची तपासणी करायची आणि त्या आकड्यावर ठरवायचं. बहुतेक लोक ही दुसरी तपासणी टाळतात. माझ्या मते या सगळ्या उपचारातली सगळ्यात मोठी चूक तीच.

दरम्यान मशीनचा दाब मात्र पुन्हा बघून घ्यावा लागतो. ११८ किलोंच्या घशासाठी लावलेला दाब ९० किलोंच्या घशाला जास्त होतो, पोटात हवा जाते, मास्कही चेहऱ्याला ढिला पडतो. लोक वैतागून मशीन सोडतात ते यामुळेही. मामांचा दाब १४ वरून ८ वर आणला, नाकापुरता छोटा मास्क दिला, तेव्हा कुठे ते रात्रभर लावू लागले. ऑपरेशनच्या आधी जे जमत नव्हतं ते ऑपरेशननंतर जमलं, हाही फायदाच.

आणखी एक. दीड-दोन वर्षांनी अनेकांचं थोडं वजन परत येतं. त्याबरोबर आकडाही वर सरकतो. मधल्या काळात वय वाढलेलं असतंच.

"आजार घशाचा आणि कापाकापी पोटाची, धोका नाही का?"

आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी तोलायला हवा. अनुभवी हातात जीव जाण्याचा धोका हजारात एक ते तीनच्या घरात असतो. पण ज्यांना स्लीप ॲप्निया आहे त्यांच्यात गुंतागुंत जास्त होते, हे अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात २००९मध्ये दिसलं. कारण उघड आहे. भूल आणि वेदनाशामकं घशाचे स्नायू आणखी सैल करतात. म्हणून उलटा क्रम लावायचा: ऑपरेशनच्या आधी झोपेची तपासणी, आजार निघाला तर काही आठवडे मशीन, आणि दवाखान्यात भरती होताना मशीन सोबत. भूलतज्ज्ञाला पहिल्याच भेटीत सांगा. "हवेच्या दाबानं पोटातले टाके सुटतील" अशी भीती पूर्वी बोलून दाखवली जायची. अभ्यासांत तसं दिसलेलं नाही.

पुढचा हिशेब जेवणाचा. पहिले दोन आठवडे पातळ, मग मिक्सरमधलं, मग मऊ. मामी हुलग्याचं माडगं करून वाटीनं नाही, चमच्यानं मोजून द्यायच्या. पाव भाकरी आमटीत कुस्करून संपवायला मामांना अर्धा तास लागायचा, आणि जेवताना पाणी नाही. कडक भाकरी न् शेंगाचटणीशिवाय ज्याचं पान हलत नव्हतं, त्या माणसाला तिसऱ्या महिन्यात कडक भाकरीचा पहिला तुकडा मिळाला, तोही बत्तीस वेळा चावून. शेंगाचटणी आता अर्धा चमचा. तेल आणि दाणे दोन्ही मोजून. दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिनं हवीत, ती शाकाहारी घरात ठरवून घ्यावी लागतात. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या कायमच्या मागे लागतात. काही महिने केस गळतात, मग येतात. स्लीव्हनंतर काहींची जळजळ वाढते. आधीपासूनच आम्लपित्ताचा मोठा त्रास असेल तर बायपासचा विचार होतो. मूल हवं असलेल्या बायकांना वर्ष-दीड वर्ष थांबावं लागतं.

"इंजेक्शन आलंय की आता!"

आलंय. टिरझेपाटाइड, आठवड्याला एक टोचणी. २०२४मध्ये त्याच्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष आले. ताशी आकडा सरासरी ५०च्या आसपास असलेले ४६९ लोक, ५२ आठवडे. औषध घेणाऱ्यांचा आकडा २५ ते २९नं घटला, खोटी टोचणी घेणाऱ्यांचा साधारण ५नं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेनं लठ्ठ व्यक्तींतल्या मध्यम-तीव्र स्लीप ॲप्नियासाठी ते मंजूर केलं. भारतात ते मार्च २०२५मध्ये आलं.

पण गणित पुन्हा तेच: ५०तून २५-२९ गेले तरी पुष्कळ उरतं, आणि टोचणी थांबली की वजन परत यायला लागतं. बीएमआय ४५ असेल तर शस्त्रक्रियेनं जितकं उतरतं तितकं इंजेक्शननं सहसा उतरत नाही. ३२ असेल आणि ऑपरेशनची भीती असेल तर इंजेक्शन हा चांगला मार्ग ठरू शकतो. कुणाच्या सांगण्यावरून मेडिकलमधून आणून टोचून घेण्याची मात्र ही वस्तू नव्हे.

विम्याचं काय?

इथं एक काम आधीच करून ठेवा. विमा नियामकाच्या प्रमाणित अटींनुसार वजनाच्या शस्त्रक्रियेचा खर्च मागायचा तर डॉक्टरचा सल्ला हवा, वय किमान १८ हवं, आणि बीएमआय किमान ४० हवा. किंवा किमान ३५ आणि सोबत गंभीर आजार. त्या गंभीर आजारांच्या यादीत 'तीव्र स्लीप ॲप्निया' स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणजे ज्याचा बीएमआय ३७ आहे त्याच्यासाठी झोपेच्या तपासणीचा कागद हाच दाव्याचा आधार ठरू शकतो. तपासणी न करता ऑपरेशन उरकलं तर तो कागद नंतर कुठून आणणार? डॉक्टरांची रेषा ३२.५ची आणि विम्याची ३५ची, हा फरक मला अन्यायाचा वाटतो. पण दावा पॉलिसीच्या रेषेवरच तपासला जातो. पॉलिसीतला प्रतीक्षा कालावधीही वाचा.

डॉक्टरकडे जाताना

आधी सर्जनकडे जाऊ नका. छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. सिव्हिलमध्येही या ओपीडी आहेत. मानेचा घेर मोजून जा, ४० सेंटिमीटरच्या वर असेल तर सांगा. रक्तदाब, मधुमेहाच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घाला. आणि शेजारी झोपणारं माणूस सोबत न्या, कारण रुग्णाला स्वतःला काहीच माहीत नसतं.

मामांनी डॉक्टरांना सांगितलं, "मला काय त्रास नाही ओ, हिलाच झोप येत नाही." मामींनी काही न बोलता पिशवीतून मोबाइल काढला आणि रात्री काढलेला व्हिडिओ लावून टेबलावर ठेवला. घोरणं सुरू झालं. मामा हसले, "अर्रे, एवढं?" मग व्हिडिओतला आवाज थांबला. केबिनमध्ये पंख्याचा आवाज तेवढा. मोबाइलमधून मामींचा दबका आवाज आला, "ओ, श्वास घ्या की..." मामा पडद्याकडं बघत होते आणि त्यांची स्वतःची छाती हलायची थांबली होती. पडद्यावरचा माणूस गचक्यानं श्वास घेता झाला तेव्हा त्यांनीही घेतला.